कौलांच्या बदल्यात शाफ्ट

आमच्या गल्लीत हल्ली एखादं जुनं घर पाडायला घेतलं तर कोणी बघायला जात नाही. मी नवी सून होते तेव्हा सगळे जायचे. बायका पदर नाकाला लावून उभ्या राहायच्या, "सगळं सागाचं हो, लाकडात एक गाठ नाही" म्हणून हळहळायच्या आणि त्या घरच्या बाईला चहाला बोलवायच्या. आता पहिला घण बसला की धडाधड खिडक्या लागतात, धूळ आत येऊ नये म्हणून. मीही लावून घ्यायचे. माणूस एका घरासाठी हळहळतो, दुसऱ्यासाठी हळहळतो, पुढे जीव कंटाळतो. ज्यांना हे निर्दयपणाचं वाटत असेल त्यांनी भिवंडीत येऊन चार वर्षं राहून बघावं.

ती घरं म्हणजे निम्मं घर आणि निम्मा कारखाना. खाली दगडी भिंती, सागाचे खांब आणि लूम. वर राहायच्या खोल्या, त्यांच्यावर मंगलोरी कौलं. आधी तिथे हातमाग होते, मग पॉवरलूम आले, भिंती त्याच राहिल्या. आमचं घरही असंच, शंभरी कधीच ओलांडलेलं. त्याला 'ऐतिहासिक वास्तू' म्हणतात हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर आम्ही त्याला नुसतं कारखाना म्हणत होतो, आणि पाहुण्यांना पत्ता सांगताना "पडायला आलंय ना, तेच" असं सांगत होतो.

मी दिघाशीची. भाताची शेती, दारात गुरं, आणि संध्याकाळनंतर बेडकांशिवाय कोणाचा आवाज नाही. लग्न होऊन आले आणि पहिल्याच दिवशी फळीवरचा तांब्या माझ्या डोळ्यांदेखत चालत चालत कडेला आला आणि खाली पडला. मी ओरडले. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "खाली लूम चालू हायत गो, भूत न्हाय." मग त्यांनी मला गल्लीतली पहिली गोष्ट शिकवली : फळीच्या पुढच्या कडेला लाकडाची पट्टी ठोकायची, म्हणजे भांडी थरथरत पुढे सरकली तरी पट्टीशी अडतात. आमच्याकडे एखाद्या घरच्या फळ्यांना पट्टी दिसली नाही तर समजायचं, या घरची बाई नवीन आहे. जमीन दिवसभर थरथरणार, ती काही आपलं ऐकणार नाही. भांडी तेवढी अडवून ठेवायची.

कारखान्यात डोक्यावर एक लांबलचक लोखंडी दांडा होता, पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत, मनगटाएवढा जाड. त्याला शाफ्ट म्हणत. पूर्वी एकाच मोठ्या मोटारीवर हा शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून खाली आलेले पट्टे बाराच्या बारा लूम चालवायचे. पुढे प्रत्येक लूमला आपापली मोटार आली आणि शाफ्ट बेकार झाला. तरी तो काढला कोणी नाही. त्याची दोन्ही टोकं भिंतीतून आरपार बाहेर गेलेली, आणि बाहेरच्या अंगाला ताटाएवढ्या लोखंडी चकत्या बसवून त्यावर नट आवळलेले. मला त्या चकत्या शोभेच्या वाटायच्या. दिवाळीत मी त्यांना गेरू लावायचे.

दसऱ्याला माझे सासरे लूमना झेंडूचे हार घालायचे, तसा एक शाफ्टलाही. मी त्यांना मामंजी म्हणते. मी चेष्टा करायचे, "मामंजी, रिटायर माणसाला कसला हार?" ते म्हणायचे, "असू दे. तो पण घरातलाच हाय." जास्त बोलायचा स्वभावच नव्हता. आयुष्य लूमच्या आवाजात गेलं की माणूस हातवारे शिकतो, वाक्यं विसरतो.

सासूबाई गेल्या त्या वर्षी मात्र ते एक पूर्ण वाक्य बोलले. तेराव्याची माणसं पांगली होती, मी भांडी आवरत होते. मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, मला पण हितनंच न्या. दुसऱ्या कुठं मरायला लावू नका." मी "हो" म्हणाले. एवढंच. पण पुढची अठरा वर्षं मी त्या एका 'हो'ची राखण करत बसले. यांची ड्युटी अंजूरच्या बाजूला गोदामात. तिकडे शेतं जाऊन इमारती उभ्या राहत होत्या, आणि हे दर सणाला नवीन काहीतरी सांगत यायचे. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, कौलं शाकारायची कटकट नाही. आणि मी दर सणाला एकच उत्तर द्यायचे, की मामंजी आहेत तोवर या घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. हे म्हणायचे, "बाबांनी तुला वकीलपत्र दिलंय का?" मी म्हणायचे, दिलंय.

दरम्यान लूम गेले. लूम विकून खालचा कारखाना आम्ही ज्यांना भाड्याने दिला होता ते आझमगढचे. धंदा बसला तसे आधी चार लूम विकले, मग चार, मग उरलेले भंगारात देऊन ते गावी गेले. जाताना मामंजींच्या पाया पडले. खालची जागा मोकळी झाली, पण थरथर काही थांबली नाही, कारण शेजारच्या शेठचा कारखाना भिंतीला भिंत लागून, आणि त्याचे लूम दोन्ही शिफ्टला चालू. शुक्रवारची सुट्टी सोडली तर आमची भांडी अजूनही पट्टीशी येऊन थांबायची.

त्याच सुमाराला मुंबईहून एक बाई आल्या, आर्किटेक्चर शिकवणाऱ्या, बरोबर सात-आठ विद्यार्थी. टेप लावून दोन दिवस घराचं माप घेतलं. दारं, खिडक्या, जिना, खांबावरचं नक्षीकाम. आम्ही ज्या कोपऱ्यात केरसुणी ठेवतो तोही मोजला. मामंजींना त्या बाईंनी पुष्कळ प्रश्न विचारले. मामंजी त्यांना शाफ्टच्या टोकाशी घेऊन गेले आणि हाताने दाखवत काहीतरी समजावत उभे राहिले. त्यांना इतकं बोलताना मी क्वचितच पाहिलं होतं. मी मात्र आत धड कानाचे दहा कप शोधत होते. तेव्हा कप सोडून दोन मिनिटं तिथे उभी राहिले असते तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

बाई जाताना म्हणाल्या, "हे घर जपा. अशी आता फार थोडी राहिलीत." सांगणाऱ्याचं काय जातं? घर पाहावं बांधून म्हणतात. मी म्हणते, जुनं घर पाहावं टिकवून. पागोळ्या आत गळायला लागल्या होत्या, मामंजींच्या खाटेवर दोन ठिकाणी पातेली ठेवावी लागत होती, आणि वासे हाताने दाबले तर भुसा निघत होता. पत्रे टाका असं जो तो सांगत होता. पण पत्र्याखाली मे महिन्यात म्हातारा माणूस भाजून निघेल. मला कौलंच हवी होती आणि कौलं तर आता कोणी करत नाही. मिळाली तर पाडलेल्या घरांची मिळतात.

पाडलेल्या घरांचा माल विकणारा एक भंगारवाला नाक्यावर बसतो. त्याच्याकडे दारं, चौकटी, कौलं, देव्हारे, सगळं रचून ठेवलेलं असतं, आणि गल्लीतल्या माणसाला कुठली खिडकी कोणाची ते न विचारता ओळखता येतं. तो घर बघायला आला. कौलांकडे त्याने पाहिलंही नाही. कारखान्यात उभा राहून वर बघत म्हणाला, "ताई, ये शाफ्ट दे दो. कौल और वासे, दोनों मैं लगवा के देता हूँ. पुराना लोहा है, अब ऐसा नहीं आता."

मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. जो दांडा वर्षानुवर्षं नुसता लटकतोय, ज्याला हार घालायला स्टुलावर चढावं लागतं, त्याच्या बदल्यात आख्खं छप्पर! मामंजी तेव्हा गुडघ्यांसाठी अकलोलीला गेले होते. दर हिवाळ्यात तिथल्या गरम कुंडावर आठ दिवस जायचे. मी ठरवलं, ते परत येतील तेव्हा डोक्यावर नवं छप्पर असेल. यांना विचारलं तर हे म्हणाले, "तुझं घर, तू बघ." मग मी बघितलं. गॅसकटर आणून त्यांनी शाफ्टचे चार तुकडे केले. शेवटचा तुकडा भिंतीतून ओढून काढला तेव्हा एक चकती निखळून माझ्या पायाशी आली. तीही मी देऊन टाकली. लूमवाल्यांच्या घरी इतकी वर्षं काढलेली मी, मला मशीन आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या. मशीन येतं, जातं, विकलं जातं. घराशी त्याचा संबंध एवढाच की ते घरात उभं असतं.

मामंजी आले. कारखान्यातून वर यायचा जिना, त्यामुळे आधी खालीच थांबले. वर बघितलं, पुढच्या भिंतीकडे बघितलं, मागच्या भिंतीकडे बघितलं. मी उत्साहाने बोलत होते, कुठली कौलं, किती वासे बदलले. ते म्हणाले, "कौलांसाठी दिलास?" मी म्हटलं, "हो, फुकटात झालं म्हणा ना." ते म्हणाले, "बरं केलंस," आणि जिना चढून वर गेले. खरं सांगते, मला थोडा रागच आला. एवढं केलं तर माणसाने चार शब्द चांगले बोलावेत की नाही?

छप्पर उत्तम झालं. एक कौल हललं नाही. पण दीड-दोन महिन्यांत वरचं पुढचं दार लागेना. मग जमिनीच्या फळ्या आणि पुढची भिंत यांच्यामध्ये फट दिसायला लागली. मी त्यात चिंध्या कोंबल्या, वरून सिमेंट लावलं. पंधरा दिवसांनी सिमेंट फुटलं आणि फटीत माझी बोटं जायला लागली. भिंत हळूहळू रस्त्याकडे निघाली होती, आमच्या फळीवरच्या भांड्यांसारखी. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी त्याच दिवशी बॅगा भरल्या असत्या.

आणि एका सकाळी महापालिकेतून तपासणीला माणूस आला. भिंत बघितली, ओळंबा लावला, फोटो काढले. चार दिवसांत नोटीस चिकटली : धोकादायक, राहण्यास अयोग्य, तत्काळ रिकामं करा. मी त्याला विचारलं, गल्लीत इतकी घरं असताना तुम्ही नेमके इथेच कसे आलात? तो म्हणाला, "अर्ज आला होता." कोणाचा ते सांगेना.

मला सांगायची गरजही नव्हती. शेजारचा शेठ! त्याला जागा वाढवायची होती, हे जगजाहीर होतं. मी तशीच त्याच्या कारखान्यात गेले आणि कामगारांसमोर त्याची अशी काही हजेरी घेतली की दोन लूम थांबले. "म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचं छप्पर काढताना लाज नाही वाटली?" तो बिचारा हात जोडून "भाभी, मेरी कसम, मैंने नहीं किया" म्हणत राहिला. मी ऐकून घेतलं नाही. ईदला त्याच्या घरून दरवर्षी शिरखुर्मा यायचा, त्या वर्षी मी डबा दारातून परत पाठवला.

मी लढायच्या तयारीत होते. स्ट्रक्चरल रिपोर्ट आणू, टेकू लावू, भिंत उतरवून पुन्हा बांधू. मामंजींना म्हटलं, "तुम्ही काळजी करू नका, मी तुम्हाला इथून हलू देणार नाही." ते खाटेवर बसून चप्पल पुसत होते. म्हणाले, "भिंत थांबायची न्हाय आता. जाऊ या." मला वाटलं, म्हातारा खचला. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. अठरा वर्षांपूर्वी दिलेला शब्द माझ्या हातून सुटला होता, आणि मला वाटत होतं की तो शेठने सोडवला.

आम्ही अंजूरजवळच्या फ्लॅटमध्ये आलो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टवाला. घर पाडायला घेतलं त्या दिवशी मी एकटीच गेले. गल्लीतल्या खिडक्या लागलेल्या होत्या. तिथे त्या मुंबईच्या बाई भेटल्या, त्यांना कुठून तरी कळलं होतं. त्यांनी माझ्यासाठी नकाशे आणले होते, गुंडाळी करून. रस्त्यातच उघडून दाखवले. मग पडक्या भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "शाफ्ट कुठे गेला?" मी सांगितलं, कौलांसाठी दिला. त्यांनी एकदा नकाशाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, का, काय झालं? तेव्हा त्यांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, की लूम स्वतंत्र मोटारींवर गेले तेव्हाच पुढची भिंत बाहेर कलायला लागली होती. मामंजींच्या वडिलांनी त्याच बेकार शाफ्टला बाहेरून चकत्या लावून, नट आवळून दोन्ही भिंती एकमेकींना बांधून टाकल्या. नट आवळायला पाना धरला होता तो मामंजींनीच, तेव्हा ते पंचविशीचे होते. "त्यांनीच मला दाखवलं होतं सगळं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. घर वाचवायला निघालेली मी, मीच त्याचा कमरपट्टा सोडून भंगारात दिला होता. रिक्षाने परत आले आणि न जेवता आडवी झाले. यांना सांगितलं, ऊन लागलं.

पुढचे सहा महिने मी ते पोटात ठेवलं. मामंजींना पान वाढताना माझी नजर वर व्हायची नाही. ते गॅलरीत खुर्ची टाकून गोदामांचे ट्रक बघत बसायचे. त्यांचं जेवण कमी झालं नव्हतं, उलट थोडं वाढलंच होतं. लिफ्टमुळे रोज खाली जाऊन यायचे, खालच्या टपरीवर ओळखी झाल्या होत्या. मला मात्र त्यांच्या प्रत्येक गप्प बसण्यात कारखाना दिसायचा. शेवटी एका दुपारी असह्य झालं. हे कामावर होते. मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. शाफ्ट मी विकला म्हणून भिंत गेली, तुमचं घर मी पाडलं, तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला, मला माफ करा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठाव हाय मला. अकलोलीसून आलो तवाच बघितलं."

"मग बोललात का नाही? लगेच दुसरा दांडा लावता आला असता!"

"लावता आला असता." ते ट्रककडेच बघत होते. "तवा मी वर गेलो, खाटेवर बसलो आन् इचार केला. पोरी, मला त्या जिन्याचा कंटाळा आलेला. लय वर्सं आलेला. रात पडली का मोरीत जायला भ्यायचो, पाय घसरंल म्हणून. तुझी सासू गेली तवा बोललो व्हतो मी, हितनंच न्या. दुःखात माणूस बोलतो. तू त्येच धरून बसलीस. तुझी धडपड बघून मला सांगायला तोंडच न्हाय झालं."

मला आधी काही कळेचना आणि मग एकदम राग आला, इतका की कान तापले. अठरा वर्षं! यांच्याशी दर सणाला भांडले, भुसा झालेल्या वाशांखाली राहिले, फटीत चिंध्या कोंबल्या. मी म्हटलं, "आणि भिंत पडली असती अंगावर तर? आम्ही तिथंच झोपत होतो ना!"

"म्हणून तर अर्ज दिला," ते म्हणाले. "मीच दिला. टपालात टाकला."

माझ्या डोळ्यांपुढे शेठचे जोडलेले हात आले. दारातून परत पाठवलेला डबा आला. आता कुठल्या तोंडाने त्याच्या कारखान्यात पाय ठेवायचा, आणि तरी जायला तर हवंच, त्याच कामगारांसमोर. मी कपाळाला हात लावला. मग विचारलं, "नुसतं मला म्हणाला असतात, की थकलोय, फ्लॅटमध्ये जाऊ या. मी नसते का आले?"

मामंजींनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, चेष्टाही नव्हती.

"न्हाय," ते म्हणाले. "तू म्हणाली असतीस, मामंजी माझ्यासाठी तसं बोलतात. आन् दुसऱ्या दिवशी लोहाराला बोलावून नवीन शाफ्ट बसवला असतास."

बसवला असता. दुसऱ्या दिवसाचीही वाट बघितली नसती.